साखळीतली पुस्तके : लायडनच्या ग्रंथालयाचे १६१० मधील छापचित्र

नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे आतून दिसणारे दृश्य १६१० साली छापून प्रसिद्ध झाले. यान कॉर्नेलिस वाउडानुस याने ते रेखाटले, विलेम स्वानेनबुर्ख याने तांब्याच्या पत्र्यावर कोरले आणि आंद्रिस क्लाउक या लायडनमधल्याच पुस्तकविक्रेत्याने बाजारात आणले. कागदाचा आकार फार मोठा नाही : उंची साधारण ३३ सेंटीमीटर, रुंदी ४० च्या आसपास. तरी ग्रंथालयांच्या इतिहासावरचे सचित्र पुस्तक उघडावे आणि त्यात हे चित्र नसावे, असे क्वचितच घडते. विद्यापीठाच्या चार दृश्यांचा एक संचच तेव्हा निघाला होता. ग्रंथालयाबरोबर वनस्पतींची बाग, प्रेतविच्छेदन करून शरीररचना शिकवण्याचे सभागृह आणि तलवारबाजीची शाळा ही उरलेली तीन दृश्ये. सभागृहाचे चित्र त्यांत सर्वांत नाट्यमय आहे. हातात निशाणे घेतलेले सांगाडे प्रेक्षकांच्या रांगांमधून उभे आहेत. ग्रंथालयाचे चित्र त्यामानाने शांत, पण पाहणाऱ्याला जास्त वेळ थांबवणारे.

काळाचा अंदाज यावा म्हणून मराठवाड्याकडे नजर टाकावी. १६१० हे मलिक अंबरने खडकी वसवल्याचे वर्ष, म्हणजे पुढे औरंगाबाद झालेल्या शहराचा आरंभ. आजच्या जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात, जांब गावी ठोसरांच्या घरी १६०८ मध्ये जन्मलेला नारायण तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता; पुढे तो समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला. गोदावरीच्या काठावर पोथ्या हाताने लिहिल्या जात होत्या आणि हातानेच नकलल्या जात होत्या.

चित्र पाहायला सुरुवात करावी ती तळाच्या कडेपासून. जुन्या छापचित्रांत तिथे बारीक अक्षरांत नावे असतात आणि नावांपुढे लॅटिन शब्दांची संक्षिप्त रूपे. एक शब्द सांगतो की रेखाटन कोणी केले, दुसरा सांगतो की कोरले कोणी, तिसरा प्रकाशकाचा. एका चित्रामागे तीन वेगवेगळे धंदे असत आणि तिघांचे हिशेबही वेगळे असत. चित्रकार जागेवर जाऊन बसे. कोरणाऱ्याने ती जागा पाहिलेली असेलच असे नाही. प्रकाशकाला खपाची काळजी. चित्रात काही खटकले, तर ते या तिघांपैकी कोणाच्या हातून आले असेल हा प्रश्न मनात असू द्यावा. लायडनच्या बाबतीत तिघेही त्याच गावचे असल्याने ऐकीव माहितीवर काढलेल्या चित्रांपेक्षा या चित्राचे पारडे जड आहे.

कोरण्याची रीत अशी. घासून आरशासारखा केलेला तांब्याचा पत्रा घ्यायचा. चौकोनी छेदाची, टोकाला तिरकी घासलेली पोलादी कोरणी तळहाताच्या गादीने पुढे रेटायची. तांब्याची बारीक कात निघते आणि मागे चर पडतो. कोरणी वळवण्यापेक्षा पत्राच कातडी उशीवर फिरवला जातो, म्हणून गोलाईच्या रेषा एवढ्या सफाईदार येतात. मग सगळ्या पत्र्याला शाई फासायची आणि पृष्ठभाग पुसून घ्यायचा, म्हणजे शाई फक्त चरांत उरते. ओलसर कागद वर ठेवून पत्रा दोन रुळांच्या दाबयंत्रातून काढला की कागद चरात दबतो आणि शाई उचलून घेतो. छाप उलटा पडतो, डावीकडचे उजवीकडे. कोरणाऱ्याला अक्षरेसुद्धा आरशात दिसतील तशी उलटी कोरावी लागतात. कपाटांवरच्या पाट्या सरळ वाचता येतात याचा अर्थ स्वानेनबुर्खने त्या उलट्या कोरल्या होत्या.

या पद्धतीत राखाडी रंग नसतोच. शाई काळी, कागद पांढरा, मधले काही नाही. सावली हवी असेल तर रेषा जवळजवळ घ्यायच्या. ती गडद करायची तर त्यांवर दुसऱ्या दिशेने आडव्या रेषा घालायच्या. खिडकीतून येणारा उजेड म्हणजे न कोरलेला कागद. पुस्तकांच्या मांडण्यांची खिडकीकडची बाजू आणि आतली बाजू शेजारीशेजारी पाहिली की हे लगेच ध्यानात येते : उजळ बाजूला रेषा विरळ व समांतर, अंधाऱ्या बाजूला जाळीदार. भिंग लावून पाहताना लाकूड, कापड आणि दगडी भिंत यांच्यासाठी रेषेची चाल कशी बदलते तेही दिसते. अंगरख्यावर ती घडीबरोबर वळते, लाकडावर सरळ जाते. खरा आस्वाद इथे आहे. विषय कळला म्हणून चित्र पाहून झाले असे नव्हे.

आता खोलीकडे. लायडनला स्पॅनिश फौजांचा वेढा पडला होता तो १५७४ साली उठला आणि पुढच्याच वर्षी, १५७५ मध्ये, तिथे विद्यापीठ स्थापन झाले. विल्यम ऑफ ऑरेंज याने प्लांटिनच्या छापखान्यात छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले. ग्रंथालयाचा पहिला ग्रंथ तो. पुढे ग्रंथालय बेगाइन संघातील स्त्रियांच्या एका जुन्या चर्चमध्ये, वरच्या मजल्यावर हलवले गेले. धर्मसुधारणेनंतर अशा अनेक कॅथलिक वास्तू रिकाम्या पडल्या होत्या. त्याच इमारतीत शरीररचनेचे सभागृहही होते आणि तलवारबाजीची शाळाही. म्हणजे चित्रात शांतपणे वाचणाऱ्या माणसांच्या पायाखाली तलवारींचा खणखणाट चालत असण्याची शक्यता होती. चित्रकाराने अर्थातच ते आपल्याला कळू दिलेले नाही.

पाहणारा खोलीच्या एका टोकाला, जमिनीपासून थोड्या उंचीवर उभा आहे अशी कल्पना करून दृश्य मांडले आहे. मांडण्यांच्या दोन रांगा दूर जाताना लहान होत जातात आणि त्यांच्या सगळ्या कडा समोरच्या भिंतीकडे धावतात. यथादर्शनाचा हा नियम युरोपात तोवर दीडशे-पावणेदोनशे वर्षे मुरला होता. त्यामुळे खोली मोजूनमापून काढल्यासारखी वाटते. पण या नियमाला एक खोड आहे. माणसे थोडी लहान काढली की तीच खोली अवाढव्य दिसते, आणि गावाच्या अभिमानासाठी काढलेल्या चित्रांत माणसे थोडी लहानच काढली जात. आतल्या दृश्याचा आकार ठरवताना माणसांवर विसंबू नये. दार, पायरी, पुस्तक या वस्तूंची मापे ताडून पाहावीत.

एकूण मांडण्या २२. प्रत्येकीवर विषयाची पाटी आहे : धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक, इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, गणित. धर्मशास्त्राच्या वाट्याला सहा मांडण्या, कायद्याला पाच, इतिहासाला चार. वैद्यक, तत्त्वज्ञान आणि साहित्य यांना प्रत्येकी दोन, गणिताला एकच. विद्यापीठाच्या नजरेत कोणत्या विद्येचे वजन किती होते, हे एवढ्या वाटणीवरून समजते. त्यासाठी वेगळा दस्तऐवज धुंडाळावा लागत नाही. या ग्रंथालयाची छापील यादी पेत्रुस बेर्तियुस याने १५९५ मध्ये प्रसिद्ध केली होती. एखाद्या संस्थेच्या ग्रंथालयाची छापलेली पहिली यादी म्हणून तिचे नाव घेतले जाते. यादी आणि चित्र यांत पंधरा वर्षांचे अंतर आहे, तरी दोन्ही शेजारी ठेवता येतात, हे भाग्य फार थोड्या जुन्या ग्रंथालयांच्या वाट्याला आले आहे.

पुस्तके साखळीने बांधलेली आहेत. आजच्या वाचकाला हे आधी खटकते, मग त्याचे हसू येते. पण त्या काळी मोठा ग्रंथ महाग होता आणि विद्यापीठाकडे त्याची बहुधा एकच प्रत असे. साखळीचे एक टोक पुठ्ठ्याला, दुसऱ्या टोकाची कडी मांडणीला लावलेल्या लोखंडी गजात. गजाच्या टोकाला कुलूप. पुस्तक काढून खालच्या उतरत्या फळीवर उघडता येई, घरी नेता येत नसे. साखळी पुठ्ठ्याच्या बाहेरच्या कडेला जडवलेली असल्यामुळे अशा ग्रंथालयांत पुस्तक उलटे, म्हणजे पाठ आत आणि पानांची कड बाहेर असे ठेवत. नाहीतर काढताना साखळीचा पीळ बसे. पाठीवर ग्रंथाचे नाव छापण्याची रीत रुळली ती साखळ्या गेल्यावर. इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथिड्रलमध्ये असे साखळीचे ग्रंथालय अजून जपलेले आहे. नेदरलँड्समधल्याच झुटफेन गावीही एक आहे, पण तिथे ग्रंथ उभे न ठेवता तिरक्या मेजांवर आडवे ठेवलेले असतात. ती जुनी तऱ्हा. लायडनच्या चित्रात ग्रंथ फळीवर उभे राहिले आहेत, आणि तेवढ्याच जागेत पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त मावत आहेत.

वाचणारे सगळे उभे. बाक नाही, खुर्ची नाही. उभ्याने किती वेळ वाचन होणार? ग्रंथ संदर्भ पाहण्यापुरता उघडायचा, हवे ते टिपून घ्यायचे, पुढच्याला जागा द्यायची, असाच तिथला रिवाज असावा.

उजवीकडे एक बंद कपाट आहे आणि त्यावर योसेफ स्कालिगर याचे नाव. हा त्या काळचा युरोपातला सर्वांत नावाजलेला पंडित. कालगणनेवरच्या कामासाठी तो आजही ओळखला जातो. जानेवारी १६०९ मध्ये लायडनला त्याचा मृत्यू झाला आणि हिब्रू, अरबी वगैरे पौर्वात्य भाषांतली आपली पुस्तके व हस्तलिखिते त्याने विद्यापीठाला ठेवली. चित्र निघाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी. कपाट ठळक जागी दाखवण्यामागचा हेतू उघड आहे. विद्यापीठाला आपल्याकडे आलेला ठेवा जगाला दाखवायचा होता. दालनात पृथ्वीगोल व खगोल आहेत, भिंतींवर शहराचे दृश्य आणि राजपुरुषांची चित्रे आहेत. डच व्यापारी कंपनी १६०२ मध्ये उभी राहिली होती. तिचे लोक १६३७ च्या सुमारास कोकणात वेंगुर्ल्याला वखार घालणार होते. अशा राष्ट्राच्या ग्रंथालयात गोल आणि पौर्वात्य हस्तलिखिते पुस्तकांच्या बरोबरीने मिरवावीत, हे त्या काळाला धरूनच आहे.

चित्र काय सांगत नाही तेही पाहावे. आत येणाऱ्या सर्वांचे स्वागत असल्यासारखे ते दिसते. प्रत्यक्षात विद्यार्थ्यांचा प्रवेश बराच मर्यादित होता आणि किल्ल्यांचा मान प्राध्यापकांचा. धूळ नाही, फाटके पुस्तक नाही, रिकामी फळी नाही. थंडीच्या देशातल्या त्या खोलीत शेकोटीही नाही, पण ती लबाडी म्हणता येणार नाही. आगीच्या भीतीने अनेक जुन्या ग्रंथालयांत विस्तव आणि दिवा दोन्ही वर्ज्य असत, म्हणून तर खिडक्या एवढ्या महत्त्वाच्या. हे छापचित्र पुराव्याइतकेच जाहिरातीचेही काम करत होते, आणि ते तसे वाचल्याने त्याची किंमत कमी होत नाही. संस्थेने स्वतःला कसे पाहिले, याचा पुरावा तर ते आहेच.

याच काळातल्या मराठी मुलखातल्या एखाद्या ग्रंथसंग्रहाचे असे चित्र का नाही, हा प्रश्न साहजिक आहे. छपाई नव्हती हे अर्धेच उत्तर. पोथी सुट्या पानांची, दोन फळ्यांमध्ये धरून कापडाच्या बासनात बांधलेली. ती पेटीत, फडताळात किंवा कोनाड्यात राहते. तिला उभे राहायला फळी लागत नाही, साखळी अडकवायला पुठ्ठा नसतो आणि वाचायला मांडी घालून बसले की समोर पोथी ठेवायला ठवणी पुरे. मठातल्या ग्रंथसंग्रहाला स्वतंत्र दालनाची गरजच पडत नसे. चित्रकाराने काढावे असे ‘ग्रंथालयाचे आतले दृश्य’ तिथे तयार होत नव्हते. रामदासी मठांतली बाडे पिढ्यान्‌पिढ्या अशीच बासनांत राहिली. शंकर श्रीकृष्ण देवांनी ती गावोगाव फिरून जमवली, म्हणून धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आज ती एका छपराखाली पाहता येतात.

तांबे कोरण्याची कला मात्र इथे परकी नव्हती. राजांची दानपत्रे शतकानुशतके ताम्रपटांवर कोरली गेली. फक्त त्या कोरीव अक्षरांत शाई भरून कागदावर छाप घ्यावा, हे कोणाला सुचले नाही किंवा गरजेचे वाटले नाही. दानपत्राला एकच प्रत हवी होती, आणि तीही न झिजणारी. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात ही दोन टोके जवळ आली. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याकडे कोरून छापण्याचे काम शिकलेल्या कारागिराकडून भगवद्गीता छापवून घ्यावी, असे नाना फडणवीसांच्या मनात होते. १८०० मध्ये नाना वारले आणि ते राहिले. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्याच कारागिराला आश्रय दिला व १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली गीता मिरजेत छापून निघाली.

मॅलेटच्याच वर्तुळात गंगाराम तांबट होता. त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यानेही वेरूळ रेखाटले. तो १७९५ मध्ये वारला, आणि त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनिएल याने १८०३ मध्ये लंडनला वेरूळची २४ दृश्ये प्रसिद्ध केली. डॅनिएलची पद्धत लायडनच्या चित्राहून निराळी. पत्र्यावर राळेची बारीक पूड चिकटवून आम्ल चढवायचे, म्हणजे रेषांऐवजी जलरंगाच्या हातासारख्या छटा उठतात. लेण्यातला अंधार रेषांच्या जाळीने दाखवणे अवघड. तिथे या छटा कामी आल्या.

जालन्याच्या वाचकाला इथे एक सोय आहे. लायडनची ती खोली १६१० मध्ये होती तशी आता पाहता येत नाही. वेरूळची लेणी मात्र जालन्याहून सुमारे ९० किलोमीटरवर जागच्या जागी आहेत. कैलास किंवा इंद्रसभेच्या दृश्याची प्रत बरोबर न्यावी आणि चित्रकार जिथे बसला असेल ती जागा शोधावी. खांब मोजावेत. चित्रातल्या माणसाची उंची खांबाच्या तळखड्याशी ताडून पाहावी, मग तिथे उभ्या असलेल्या खऱ्या माणसाची. जागा नेमकी सापडत नाही असे झाले, तर चित्रकाराने दोन ठिकाणांहून दिसणारे दृश्य एका कागदावर जुळवले असण्याचा संभव धरावा. अरुंद जागेतल्या आतल्या दृश्यांत हे सर्रास चाले. एक चित्र असे तपासले की ज्याची जागा उरलेली नाही अशा चित्राकडे पाहण्याची नजर तयार होते.

अजिंठ्याची गोष्ट उलट दिशेची आहे : तिथे मोठ्या प्रतिकृती गेल्या आणि छापचित्रे उरली. जेम्स फर्ग्युसनने कॅमेरा ल्युसिडा हे रेखाटनाला मदत करणारे काचेचे साधन वापरून लेण्यांची दृश्ये काढली. ती १८४५ मध्ये शिळाछापाने प्रसिद्ध झाली. शिळाछाप मराठी वाचकाला आधीच ओळखीचा झाला होता, कारण मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये त्याच तंत्राने पंचांग छापले होते. त्यानंतर रॉबर्ट गिलने अजिंठ्याला राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलप्रतिकृती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत जळाल्या. पण त्यांतल्या काहींवरून केलेली लाकडी ठोकळ्यांची छापचित्रे १८५६ च्या ‘लाइफ इन एन्शंट इंडिया’ या मिसेस स्पिअर यांच्या पुस्तकात आधीच छापली गेली होती. रंग गेले, आकार गेला, तरी रचना कळण्यापुरते काही शिल्लक राहिले ते या काळ्यापांढऱ्या ठोकळ्यांमुळे. छापचित्राच्या प्रती अनेक असतात आणि त्या अनेक ठिकाणी असतात, हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

प्रती अनेक म्हणजे सगळ्या सारख्या, असे नाही. तांबे मऊ असते. दर छापाला पत्रा दाबला आणि पुसला जातो, चर उथळ होत जातात. पहिल्या काही शेकडा प्रतींत बारीक रेषा टवटवीत असतात. नंतरच्या प्रतींत सावल्या फिक्या पडतात, दूरच्या भिंतीवरचा तपशील विरतो. मग कोणी तरी झिजलेले चर पुन्हा खोल करतो आणि चित्र एकदम जाडेभरडे, काळेकुट्ट होते. खपणाऱ्या चित्रांच्या नकलाही होत. लायडनच्या दृश्यांच्या लहान आकारातल्या नकला पुढे त्या शहरावरच्या व विद्यापीठावरच्या पुस्तकांत आल्या, आणि नकलणाऱ्याने माणसे कमी-अधिक केली की पुराव्याचे स्वरूपही बदलले.

अस्सल छाप ओळखायला भिंग आणि बोट पुरते. पत्र्याच्या कडेने कागद दबून चारही बाजूंनी एक खोलगट चौकट उमटते. तिच्यावरून बोट फिरवले की ती जाणवते. शाई चरातून उचललेली असल्याने रेषा कागदावर किंचित उठून असतात. आधुनिक छपाईत रेषा भिंगाखाली ठिपक्यांत फुटते आणि कागद सपाट असतो. जुना कागद चिंध्यांचा; उजेडासमोर धरला की साच्याच्या तारांच्या समांतर खुणा आणि कधी कागद करणाऱ्याचे चिन्ह दिसते. दौलताबाद आणि वेरूळ यांच्या परिसरातल्या कागदीपुऱ्याचा हातकागदही चिंध्यांपासूनच होई. रंगवलेली प्रत दिसली तर रंग बहुधा नंतर हाताने भरलेला असतो, आणि तो भरणाऱ्याने ग्रंथालय पाहिलेले असण्याची शक्यता फारच कमी. १६१० च्या या चित्राची एक प्रत ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. त्या संग्रहालयाने आपल्या छापचित्रांच्या मोठ्या आकारातल्या प्रतिमा सर्वांना मोफत खुल्या केल्या आहेत. त्या पडद्यावर वाढवून पाहिल्या तर कपाटावरच्या पाट्या आणि लोंबणाऱ्या साखळ्या भिंगाशिवाय दिसतात; उठावदार शाई आणि दबलेली चौकट मात्र त्यात येत नाही.